अब्बासभाईंची इटालियन

अब्बास मुकादम गेली एकतीस वर्षं बहरीनमध्ये लिफ्ट दुरुस्त करतात आणि स्वतः जिन्याने चढतात.

माहूजमधल्या आमच्या बिल्डिंगीत ते पाचव्या मजल्यावर, माझ्या समोरच्या दारात राहतात. हातात भाजीच्या पिशव्या असोत की बाहेर ऑगस्टचा उकाडा असो, अब्बासभाई जिन्यानेच येणार. आम्ही लिफ्टने वर येऊन, कुलूप उघडून, चहाचं आधण ठेवतो, तेव्हा कुठे जिन्यातून त्यांच्या चपलांचा आवाज यायला लागतो. एकदा मी विचारलं, "अब्बासभाई, ही लिफ्ट तर तुम्हीच सांभाळता. मग तिच्यात पाय का ठेवत नाही?"

"तिचे सगळे रोग मला ठाऊक हायत, डॉक्टर," ते म्हणाले. "एकदा कुणाचे सगळे रोग कळले, की त्याच्या खांद्यावर बसवत नाय."

मी डॉक्टर नाही. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासतो. हे त्यांना दहा वेळा सांगून झालं. त्यांचं म्हणणं, हॉस्पिटलात जाऊन पगार घेऊन येतो तो डॉक्टर. उगाच बारीकात कशाला शिरायचं.

मंडणगडकडच्या खाडीकाठचं त्यांचं गाव. वय अठ्ठावन्न, अंग काटकुळं, दाढी मेंदीने लालसर. दिवसभरातली कामं ते डाव्या तळहातावर बॉलपेनने लिहितात. कागद हरवतो, हात हरवत नाय, असं त्याचं कारण. त्यांचं एक पेटंट वाक्य आहे: "थंड होऊ दे, मग बघू." चहाला साय धरेपर्यंत ते कपाला हात लावत नाहीत. पार्किंगवरून दोन भाडेकरू एकमेकांच्या अंगावर धावून गेले, तर हे दोघांच्या मधे उभे राहून इतक्या वेळा "थंड होऊ दे" म्हणाले, की दोघंही कंटाळून घरी गेले. पुतण्यासाठी स्थळ आलं, तेही त्यांनी थंड होऊ दिलं. वर्षभराने निरोप पाठवला, तेव्हा मुलीला बाळ झालेलं होतं.

असा हा माणूस एप्रिलमधल्या एका शुक्रवारी, जुम्म्याची नमाज आटोपून, माझ्या दारात धापा टाकत उभा राहिला.

"चला," म्हणाले. "जिदहफ्सला जायचंय. एक चीज बघायची हाय."

"जेवण व्हायचंय."

"जेवण थंड होऊ दे."

जिदहफ्सच्या बाजारामागच्या गल्लीत एका जुन्या घराच्या अंगणात पत्र्याची शेड होती. घर अबू जासिम नावाच्या म्हाताऱ्या बहरीनी मास्तरांचं. शाळेतून निवृत्त झालेले, गुडघे गेलेले, हिंदी आपल्यापेक्षा बरं बोलणारे. शेडमधल्या ताडपत्रीखाली काहीतरी बुटकं झाकून ठेवलं होतं. अब्बासभाईंनी ताडपत्री ओढली आणि कुणी झोपलेलं असावं तसा आवाज खाली आणून म्हणाले, "बघा."

पिवळ्या रंगाची, माझ्या कमरेइतकीही उंच नसलेली, पुढे पाचरीसारखी निमुळती होत गेलेली दोन दारांची गाडी. पुढचे दिवे बोनेटमध्ये झोपलेले. चारही टायर बसलेले. धूळ इतकी, की काचेवर मांजराच्या पावलांची रांग उमटली होती.

"इटालियन हाय," अब्बासभाई म्हणाले. "आणि इंजिन मधोमध."

मला गाड्यांतलं कळतं ते पेट्रोल कुठून भरायचं इतकंच. इटालियन स्पोर्ट्स कार म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर शेख मंडळी आली. "अहो, परवडणार आहे का आपल्याला?"

"तोच तर गैरसमज हाय लोकांचा. मोठ्या घराण्यातली नाय ही. तिकडच्या कारकुनांनी, मास्तरांनी घ्यावी म्हणून बनवलेली. तुमची ती जपानी जितक्याला विकली जाईल, तितक्यात येईल."

मग त्यांनी मला तिच्याभोवती फिरवलं. सीटच्या पाठीमागे एक झाकण, त्याखाली आडवं बसवलेलं छोटंसं इंजिन. वजन गाडीच्या पोटात, त्यामुळे वळणावर ती नाकाने ओढली जात नाही की शेपटीने ढकलली जात नाही. माणूस टाचेवर गिरकी घेतो तशी वळते. हे सांगताना ते खरोखरच टाचेवर फिरले. आखातात आले त्या पहिल्याच वर्षी अशीच एक गाडी त्यांनी एका इमारतीखाली पाहिली होती. लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं सोडून तिच्याकडे बघत राहिले म्हणून फोरमनने अर्ध्या दिवसाचा पगार कापला होता.

"तेव्हापासून मनात हाय," ते म्हणाले.

अबू जासिम काठीवर रेलून ऐकत होते. गाडी त्यांच्या धाकट्या भावाची. भाऊ चार वर्षांपूर्वी वारला, तेव्हापासून ती इथेच उभी. आता घर विकायचं होतं. एक व्यापारी पुढच्या शनिवारी दुपारी ट्रेलर घेऊन येणार होता. तो गाडी खोलून सुटे भाग विकणार होता.

"मेरा दिल नहीं है," मास्तर म्हणाले. "ट्रेलर पे जाएगी तो लगेगा भाई का जनाज़ा फिर से निकला. अब्बास, तू इसको अपने पैरों पे गेट के बाहर ले जा. ले गया तो तेरी. नहीं तो खलास, शनिवार को वो ले जाएगा."

अब्बासभाईंनी खिशातून पेन काढलं आणि तळहातावर "शनिवार" लिहिलं.

तो आठवडा मी विसरणार नाही. रोज ड्यूटी संपली की अब्बासभाई जिदहफ्सला. संध्याकाळी परतायचे ते काळे हात आणि तापलेले डोळे घेऊन. पेट्रोलच्या टाकीत गंज होता. एक नळी उंदरांनी खाल्ली होती. ब्रेक जाम. माझी बायको माधवी त्यांच्यासाठी ताट झाकून ठेवायची. ते दारातच उभ्याने दोन घास खायचे आणि सांगायचे, "वैनी, आज तिनं खोकलं काढलं." दुसऱ्या दिवशी: "आज खोकलं पण नाय." बिल्डिंगभर बातमी पसरली होती की मुकादमांनी इटालियन आणलीय. तिसऱ्या मजल्यावरच्या वसईच्या डायस बाईंनी माधवीला हळूच विचारलं, "अगं, आणि त्यांच्या बायकोला माहितेय का?"

शनिवारी मी सुट्टी घेतली. साडेदहाला पोचलो, तर ट्रेलर गल्लीत येऊन उभाच होता. दुपारी येणारा व्यापारी वेळेआधी आला होता आणि गेटला टेकून घड्याळाकडे बघत होता. अब्बासभाईंनी माझ्या गाडीची बॅटरी केबलने तिला जोडली. किल्ली फिरवली. नुसतंच कुरकुरणं. पुन्हा फिरवली. इंजिनाने एक आचका दिला आणि गप्प झालं.

"यल्ला, छोड़ दो," व्यापारी म्हणाला. "मफी फायदा. कुछ नहीं होगा."

अब्बासभाई पुन्हा इंजिनापाशी गेले. झाकण उघडलं, झाकणीभर पेट्रोल आत ओतलं, स्वतःच्या सदऱ्याने एक वायर पुसली. सदरा इस्त्रीचा होता. मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते. तिसऱ्यांदा किल्ली फिरली आणि शेडमध्ये एवढा आवाज झाला, की पत्र्यावरची कबुतरं उडाली. निळा धूर भरला. धुरातून ती पिवळी पाचर इंच इंच पुढे सरकली. मास्तर तिच्या टपावर हात ठेवून, काठी टाकून, बाजूने चालत होते. गेटाच्या उंबऱ्यावर ती अडखळली. बंद पडते की काय असं वाटून मी ढकलायला धावलो, तर मास्तर ओरडले, "हाथ मत लगाओ. अपने पैरों पे."

ती गेली. अपने पैरों पे.

पण खरी परीक्षा पुढेच होती. नाव बदलून, नंबर मिळून रस्त्यावर यायचं तर गाडी तपासणीत पास व्हायला हवी. बुधवारी आम्ही रांगेत उभे होतो. पुढे सहा गाड्या. ऊन चढत होतं. तापमानाचा काटा चढत होता. मी शेजारी बसलो होतो, आणि माझ्या पाठीमागे, सीटच्या पलीकडे, कुणीतरी प्रेशर कुकर ठेवल्यासारखं वाटत होतं. अब्बासभाई काट्याकडे पाहत होते. पुढे तीन गाड्या राहिल्या. मग दोन. मग पुढून फुस्स असा आवाज आला आणि बोनेटखालून वाफेचा पांढरा ढग निघाला. उकळतं पाणी रस्त्यावर वाहत गेलं.

तपासणारा पोरगेलासा इन्स्पेक्टर फार सभ्य होता. गाडीभोवती फिरला, मोबाइलवर फोटो काढला, म्हणाला, "बहुत सुंदर. आज नहीं, अंकल."

अब्बासभाई फुटपाथवर बसले. मी त्यांना धीर द्यायचा म्हणून त्यांचंच वाक्य वापरलं. "थंड होऊ द्या. पुढच्या महिन्यात बघू."

"वेळ नाय माझ्याकडे," ते एकदम तडकून म्हणाले. अकरा वर्षांच्या शेजारात मी त्यांचा हा आवाज ऐकला नव्हता. मग स्वतःच ओशाळले. रुमालाने मान पुसत राहिले. रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "सकीना येतेय. मंगळवारी. व्हिजिट व्हिसा आलाय, एक महिन्याचा."

सकीनाभाभी म्हणजे त्यांची पत्नी. मी त्यांना फक्त व्हिडिओ कॉलवर, कपाळापासून वरच्या भागात पाहिलं होतं.

"अरे वा. मग माझी गाडी घेऊन जा की विमानतळावर. नाहीतर मोठी भाड्याने घेऊ. सामान असेल, सगळ्यांना बसता येईल."

"सगळ्यांना बसता येईल अशीच नको," अब्बासभाई म्हणाले.

मला कळलं नाही.

"लग्न झाला आणि अकराव्या दिवशी मी विमानात बसलो, डॉक्टर. दोन वर्षांनी सुट्टी. घरात अम्मी, तीन भाऊ, त्यांच्या बायका. मग आमची पोरं झाली. पोरं मधे झोपायची. तिला तीन वर्षं इथं आणली, तर धाकटा भाऊ आणि त्याची बायको त्याच फ्लॅटात. कुठं फिरायला निघालो की गाडीत सात जण. मी पुढं, ती मागं, मांडीवर कुणाचं तरी पोर. एकतीस वर्षांत मी तिला गाडीच्या आरशातच बघितलीय."

समोर ती पिवळी गाडी शेवटची वाफ सोडत उभी होती. ते तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हिला मागची सीटच नाय. तिथं इंजिन हाय. कुणी कितीबी प्रेमानं म्हणाला, मला पण घ्या, तरी बसू शकत नाय. तिनं शेजारीच बसायला पायजे."

मी त्यांच्या शेजारी फुटपाथवर टेकलो. दोघं मिळून रस्त्यावरचं पाणी सुकेपर्यंत बसलो.

दोष होता तो हवेचा. रेडिएटर नाकाशी, इंजिन पाठीशी, आणि पाणी दोघांमध्ये गाडीच्या पोटाखालून लांबलचक नळ्यांतून फिरणार. त्या नळ्यांत कुठेतरी हवेचा बुडबुडा अडकला होता. तो बाहेर निघेपर्यंत पाणी फिरणार नव्हतं. रविवारी दुपारी अब्बासभाईंनी गाडी आमच्या पार्किंगच्या चढावर, नाक वर करून उभी केली. रेडिएटरचा एक स्क्रू ढिला केला आणि मागून थेंब थेंब पाणी ओतायला लागले. माझी मुलगी इरा खाली आली, बघितलं आणि म्हणाली, "बाबा, इट्स अ चीज स्लाइस विथ व्हील्स."

"चीज नाय, पोरी," अब्बासभाई स्क्रूवरची नजर न काढता म्हणाले. "फणसाचा गरा हाय."

दीड तास बुडबुडे येत राहिले. मग थांबले. मग तो एक मोठा आला, ढेकर दिल्यासारखा, आणि त्याच्यामागून स्वच्छ पाणी. अब्बासभाईंनी स्क्रू आवळला. सोमवारी सकाळी गाडी पास झाली. इन्स्पेक्टर तोच होता. यावेळी त्याने गाडीसोबत अब्बासभाईंचाही फोटो काढला.

मंगळवारी विमानतळावर मी सामानासाठी माझी गाडी घेऊन गेलो. सकीनाभाभी बाहेर आल्या. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, डोक्यावरचा पदर सावरत. अब्बासभाईंनी सलाम केला, त्यांनी सलाम घेतला, आणि मग दोघंही सामानाच्या ट्रॉलीकडे बघत उभे राहिले. पार्किंगमध्ये आल्यावर त्यांनी ती गाडी पाहिली.

"हीच ती इटालियन?" त्या म्हणाल्या. "गावात कुणी कुणी फोन करून सांगितलान मला. तीन दिवस जेवले नाय मी."

अब्बासभाईंचा चेहरा दाढीच्या रंगाचा झाला.

भाभींनी आणलेली सुक्या बोंबलांची पिशवी मी माझ्या गाडीत घ्यायला निघालो, पण अब्बासभाईंनी हट्टाने ती मागच्या डिकीत ठेवली. ती डिकी इंजिनाला चिकटून आहे. माहूजला पोचेपर्यंत बोंबील चांगले शेकून निघाले होते आणि पुढे दोन दिवस ती गाडी जिथे उभी राहील तिथे मांजरं जमत होती.

शुक्रवारी ते दोघं सखीरला जायला निघाले. तिकडचा वाळवंटातला रस्ता, एका बाजूला युनिव्हर्सिटी, पुढे रेसचा ट्रॅक. भाभींना ते दाखवायचं होतं. निघायच्या आधी अब्बासभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "डॉक्टर, तुमी मागून या. लांबून. पाण्याचे चार कॅन ठेवा. काटा वर गेला तर मी उजवा सिग्नल देईन."

मी निघालो. दुपारचे चार वाजले होते, तरी ऊन खाली यायला तयार नव्हतं. माझ्या गाडीच्या पडद्यावर बाहेरचं तापमान एकेचाळीस दाखवत होतं. पुढे ती पिवळी गाडी एका लयीत चालली होती. तिच्या मागच्या लहानशा काचेतून दोन डोकी दिसत होती, मधे वीतभर अंतर. शहर मागे पडलं. दोन्ही बाजूंना सपाट, फिकट वाळू, तुरळक काटेरी झाडं. मी एसी चालू असूनही घामाघूम झालो होतो. प्रत्येक चढाला वाटायचं, आता उजवा सिग्नल लागणार.

युनिव्हर्सिटी मागे पडल्यावर थोड्या वेळाने तो लागला.

गाडी हळू झाली, रस्त्याच्या कडेला उतरली, थांबली. मी शंभर पावलं मागे थांबलो आणि दोन्ही हातांत कॅन घेऊन धावत सुटलो. मनात नको नको ते येत होतं. इंजिन बसलं असेल, आग लागली असेल, भाभींना चक्कर आली असेल. वाफ मात्र कुठे दिसत नव्हती.

अब्बासभाई दार उघडून उतरले आणि माझ्याकडे चालत आले.

"काय झालं? काटा कुठे गेलाय?"

"काटा जागेवर हाय," ते म्हणाले. "गाडीला काय झाला नाय."

"मग थांबलात कशाला?"

त्यांनी मान खाली घातली. "ती बोलत होती. मागं इंजिन, कानाशीच. मला अर्धा ऐकू येईना, ती प्रत्येक गोष्ट दोनदा सांगत होती. मग गप्प झाली. म्हणाली, जाऊ द्या, काय खास नाय. म्हणून बंद केली."

"एवढ्या उन्हात? परत सुरू होईल का?"

"गरम असताना बंद केली की पेट्रोलची वाफ होते हिच्यात. तासभर तरी नाय लागायची."

"आणि तुम्हाला हे माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

मी हातातले कॅन खाली ठेवले. माझी गाडी घेऊन जा, एसीत बसा, मी इथे थांबतो, असं काही तरी सुचवलं. त्यांनी मान हलवली.

"नको. तासभर हाय ना," ते म्हणाले. "बोलू दे तिला."

त्यातला एक कॅन उचलून ते परत गेले. गाडीचं छप्पर हाताने उचलून काढता येतं. ते त्यांनी काढून पुढच्या डिकीत ठेवलं. स्वतःच्या खांद्यावरचा पंचा पाण्यात भिजवून भाभींच्या डोक्यावर घातला, आणि आपल्या जागेवर जाऊन बसले. मी माझ्या गाडीत बसून लांबून बघत होतो. शब्द ऐकू येणं शक्य नव्हतं. भाभींचा हात तेवढा वर-खाली होताना दिसत होता. कधी तो लांब कुठेतरी दाखवायचा, कधी बोटं मोजायचा. एकदा त्यांनी पदराने डोळे पुसले. एकदा दोघांचीही डोकी हसताना हलली. अब्बासभाई भाभींकडे पूर्ण वळून बसले होते.

तास झाला. ऊन उतरलं, वारा सुटला. गाडी एव्हाना निवली असणार. मी उतरलो, थोडा पुढे गेलो आणि हाक मारली, "अब्बासभाई, बघता का सुरू होते का?"

त्यांनी मागे पाहिलं नाही. फक्त डावा हात खिडकीतून बाहेर काढला आणि पाची बोटांची टोकं जुळवून, तळवा वर करून, हळूच खाली-वर हलवला. इथे सगळेच करतात ही खूण, दुकानात, सिग्नलवर, दवाखान्याच्या रांगेत. जरा थांबा.

मी माझ्या गाडीत जाऊन बसलो.